गॅरेजची यादी पाखडून घ्या

वाण्याची यादी आपण करतो. तूरडाळ किती, साखर किती, या महिन्यात पाहुणे आहेत तेव्हा रवा थोडा जास्त, हे सगळे आपल्या डोक्यात असते. वाणी यादी वाचतो आणि सामान बांधून देतो. आता हेच उलटे झाले तर? समजा वाण्यानेच यादी पाठवली आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरातलं हे हे संपलेलं दिसतंय. एकूण तेवीस हजार झाले. बांधू का?" तर आपण काय करू? पदर खोचून दुकानात जाऊ आणि एकेका जिनसाचा जाब विचारू.

गाडीच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते आणि आपण मुकाट्याने "बांधा" म्हणतो. सकाळी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सोडावी, आणि आपण आमटीला फोडणी देत असताना अकराच्या सुमारास फोन यावा. पलीकडून सर्व्हिस ॲडव्हायजर मोठ्या अदबीने सांगू लागतो, "मॅडम, गाडी चेक केली. ब्रेक पॅड संपलेत, फ्लुइड बदलावं लागेल, इंजिन फ्लश करून घेऊ, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं डिसइन्फेक्शन, खालून अंडरबॉडी कोटिंग. एस्टिमेट व्हॉट्सॲपवर टाकलंय. अप्रूव्ह करता ना?" यातले निम्मे शब्द आपल्या ओळखीचे नसतात. इकडे कुकरची शिट्टी होत असते. तेवढ्यात तो हळूच म्हणतो, "घरात लहान मुलं असतील ना मॅडम? सेफ्टीचा प्रश्न आहे." झाले! या एका वाक्यापुढे कुठलीही आई विरघळते. "बरं, करून टाका" म्हणून आपण फोन ठेवतो आणि संध्याकाळी बिल पाहून पोटात गोळा येतो.

काही जणी याच्या अगदी उलट. "हे सगळे लुबाडायचे धंदे आहेत" असे ठरवून त्या साफ नाही म्हणतात. तेल बदला, बाकी कशाला हात लावू नका! ऐकायला बाणेदार वाटते खरे, पण त्या नाकारलेल्या यादीत कधी कधी ब्रेकही असतात. सरसकट हो म्हणणारी आणि सरसकट नाही म्हणणारी, दोघींचे एका बाबतीत सारखेच असते. यादी दोघींनीही वाचलेली नसते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. यादी जशीच्या तशी स्वीकारू नका आणि जशीच्या तशी फेकूही नका. ती सुपात घ्या आणि पाखडा. दाणा खाली राहील, फोलपट उडून जाईल. यासाठी गाडीची विद्या लागत नाही. तांदूळ निवडताना लागते तेवढी नजर आणि तेवढाच धीर पुरतो.

आधी त्या फोनवरच्या माणसाला समजून घेऊ. तो काही चोर नसतो. तो मेकॅनिकही नसतो. मेकॅनिक आणि आपण यांच्या मधला तो दुवा. बहुतेक ठिकाणी त्याला दर महिन्याचा विक्रीचा आकडा गाठायचा असतो. त्यामुळे त्याच्या यादीत तीन तऱ्हेची कामे एकाच दमात सांगितली जातात: जी आज करायलाच हवीत ती, जी ठरावीक मुदतीने करायची असतात ती, आणि जी केली तरी चालतात, नाही केली तरी चालतात ती. साडीच्या दुकानात साडीबरोबर फॉल, मॅचिंग परकर आणि वर एक "आजची खास" साडी पुढे येते ना, तसेच हे. दुकानदार आपले काम करतो. निवडणे हे आपले काम.

आता या यादीचे तीन ढीग करू.

पहिला ढीग जिवाशी गाठ असलेल्या कामांचा. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, वायपर, इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था ही सगळी यात येतात. यातले काम खरोखर निघाले असेल तर पैशांकडे बघायचे नाही. पण ते खरोखर निघाले आहे का, हे मात्र जरूर बघायचे.

ब्रेक पॅडचे उदाहरण घ्या. चाकाच्या आत लोखंडी तबकडी फिरते, तिला दोन बाजूंनी चिमटीत धरणारे ते ब्रेक पॅड. नव्या पॅडचा घासला जाणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली असे समजतात. ३ मिलिमीटर म्हणजे साधारण रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी जाडी. चाक काढल्यावर ही जाडी डोळ्यांनी दिसते, त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. थर सहा-सात मिलिमीटर शिल्लक असेल तर "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणायला हरकत नाही. पण दोन नाण्यांइतकाच राहिला असेल तर काटकसर करू नका. थर संपून लोखंडावर लोखंड घासू लागले की तबकडीही खराब होते आणि खर्च दुपटीवर जातो. शिवाय गाडी वेळेवर थांबली नाही तर त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

ब्रेक फ्लुइडचे नाव ऐकून पुष्कळ जणींना ते उगाचच्या कामांपैकी वाटते. तसे ते नाही, बरं का! आपण ब्रेकवर पाय ठेवतो तो दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे हे द्रव. हवेतला ओलावा ते हळूहळू शोषून घेते. मीठ पावसाळ्यात पाझरते ना, तोच स्वभाव. ओलावा वाढला की ते कमी उष्णतेला उकळू लागते. कुंभार्ली किंवा आंबेनळीसारखा लांब घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ते तापते, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागू लागतो. म्हणूनच बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ते दोन वर्षांच्या आसपास बदलायला सांगितलेले असते. नवे द्रव फिकट पिवळे दिसते, जुने तपकिरी होत जाते. खर्च त्या मानाने थोडा. हे काम टाळू नये.

टायर तर आपण घरच्या घरी पाहू शकतो. टायरच्या खोबणीत मधूनमधून रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोबणीची खोली १.६ मिलिमीटर उरली, की मोटारीच्या टायरची कायद्यानेही मर्यादा संपते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खोबणी ठीक दिसली तरी जुन्या टायरच्या बाजूला भेगा पडतात, कधी फुगवटा येतो. फुगवटा दिसला की त्या टायरवर लांबचा प्रवास करू नका.

गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे. ती तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते. गॅसच्या रांगेत उभे असताना आठवण्यापेक्षा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी. आणखी एक सोपी खूण. समोरच्या तबकडीवर लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबवायची. पिवळा लागला तर लवकर दाखवायची.

दुसरा ढीग मुदतीच्या कामांचा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, प्लग आणि असली तर टायमिंग बेल्ट. यांचा पंच सर्व्हिस ॲडव्हायजर नव्हे, आपला शेजारी नव्हे आणि मीही नव्हे. पंच एकच, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका. डाव्या सीटसमोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या वेष्टनात ती वर्षानुवर्षे झोपलेली असते. तिच्यात कोणते काम किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनी करायचे याचा तक्ता असतो. जे आधी येईल ते धरायचे, हेही त्यात लिहिलेले असते. गाडी फार चालली नाही म्हणून तेल बदलायचे राहू देऊ नये ते याचसाठी.

तक्त्यात एखादे काम ४० हजार किलोमीटरला सांगितले असेल आणि आपली गाडी २५ हजारांवर असताना ते सुचवले गेले, तर "इतक्या लवकर का?" हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे. कधी त्याला खरे कारणही असते. धुळीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. मग तो काढून दाखवायला सांगा. काळाकुट्ट असेल तर बदला, नुसती धूळ असेल तर झटकून परत बसवा. टायमिंग बेल्टची मुदत मात्र कधीही पुढे ढकलू नका. काही गाड्यांना बेल्ट असतो, काहींना साखळी असते. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळशा इंजिनांत आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि काही हजारांचे काम एकदम मोठ्या दुरुस्तीवर जाते.

तिसरा ढीग हौसेचा. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, पॉलिश, टेफ्लॉन, आतल्या सीटची धुलाई. यातले सगळेच निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. पण दर सर्व्हिसिंगला लागेल असे यात जवळजवळ काही नाही. तेल वेळच्या वेळी बदलत असाल आणि पुस्तिकेत इंजिन फ्लशचे नावच नसेल तर ते कशाला करायचे? गाडी उभी असताना थरथरत नसेल, चढावर ओढत नसल्याची तक्रार नसेल, ॲव्हरेज घटले नसेल, तर इंजेक्टर धुण्याची घाई नको. एसीला कुबट वास येत असेल तर आधी एसीचा फिल्टर बदलून पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो त्या पुस्तिकेच्याच कप्प्यामागे असतो आणि घरीही बदलता येतो. अंडरबॉडी कोटिंगचे उत्तर गावावर अवलंबून आहे. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गाडीचा तळ गंजतो, तिथे ते कामाचे आहे. सोलापूर-लातूरच्या कोरड्या हवेत त्याची तेवढी निकड नाही. पॉलिश ही तर उघडउघड हौस. दिवाळीत घराला रंग काढतो तशी. परवडत असेल तर जरूर करावी, पण "सेफ्टी"च्या नावाखाली नको.

हे प्रत्यक्षात कसे उतरते ते सांगते. आमच्या शेजारणीकडे सात वर्षांची लहान पेट्रोल गाडी आहे, ४८ हजार किलोमीटर चाललेली. तिला एका सर्व्हिस सेंटरमधून २३,४०० रुपयांची यादी आली. तिने फोनवर होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "अजून कशालाच हात लावू नका, मी दुपारी येते," एवढेच सांगितले. "मॅडम, सरांशी बोलता आलं तर..." असे पलीकडून आले, त्यावर ती शांतपणे म्हणाली, "गाडी मी चालवते. मलाच सांगा."

दुपारी ती पुस्तिका आणि मागची बिले घेऊन गेली. इंजिन ऑइल आणि फिल्टरचे २,३०० रुपये मुदतीप्रमाणे होते, ते मान्य. ब्रेक पॅडचे २,४००. चाक काढून पाहिले तर थर खरेच दोन नाण्यांइतका उरला होता. तेही लगेच मान्य. ब्रेक फ्लुइड तीन वर्षांत बदललेच नव्हते, त्याचे ७०० मान्य. एसीचा फिल्टर पाहिल्यावर तिनेच नाक मुरडले, त्याचे ४५० मान्य. हे झाले ५,८५० रुपये.

एअर फिल्टर मागच्या वर्षी बदलल्याचे बिल तिच्या हातातच होते, म्हणून तो झटकून परत बसला. नवी बॅटरी ५,२०० रुपयांना सुचवली होती. "हिची कशावरून गेली?" असे विचारल्यावर उत्तर आले, "तीन वर्षं होत आलीत ना." वॉरंटी कार्ड निघाले दोन वर्षे चार महिन्यांपूर्वीचे. तिने बॅटरीच्या दुकानात जाऊन यंत्रावर तपासून घेतली. बॅटरी ठणठणीत, नुसत्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. ती साफ केली, काम संपले. फ्लश, इंजेक्टर, एसीचे डिसइन्फेक्शन, धुलाई, कोटिंग आणि पॉलिश या सहा कामांना तिने "सध्या नको" म्हटले.

पण खरी गंमत पुढेच आहे. गाडी वर उचललेली असताना तिने टायरवरचे चार आकडे वाचले. चारही टायर गाडीच्याच वयाचे, आणि पुढच्या दोघांच्या बाजूला बारीक भेगा. हे त्या लांबलचक यादीत कुठेच नव्हते! तिने पुढचे दोन टायर दुसऱ्याच दिवशी टायरच्या दुकानात ८,२०० रुपयांना बदलले. सर्व्हिस सेंटरच्या यादीतले ९०० रुपयांचे अलाइनमेंट-बॅलन्सिंगही तिथेच नव्या टायरवर करून घेतले. जुन्या टायरवर ते करून दुसऱ्या दिवशी टायर बदलले असते तर ते पैसे पाण्यात गेले असते. मागचे दोन टायर दिवाळीनंतर घ्यायचे ठरले. वरच्या रकमा तिच्या गाडीच्या आणि आमच्या गावच्या आहेत, तुमच्याकडे वेगळ्या असतील. ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की पाखडल्याने पैसे वाचले एवढेच झाले नाही. जिथे जायला हवे होते तिथे ते गेले.

तिने विचारलेले प्रश्न तीनच होते, ते पाठ करून ठेवा. पहिला, "मला दाखवा." झिजलेला भाग डोळ्यांनी दिसतो. आपण जाऊ शकत नसलो तर फोटो किंवा व्हिडिओ मागवता येतो, त्यात गाडीचा नंबरही दिसू द्या म्हणावे. दुसरा, "पुस्तिकेत हे कुठे लिहिलंय?" तिसरा आणि सर्वांत मोलाचा, "आज नाही केलं तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल?" ज्या कामाची खरी निकड असते त्याचे उत्तर नेमके येते: "पाचशे किलोमीटरसुद्धा चालवू नका, डिस्क जाईल." ज्याची नसते त्याचे उत्तर गोलगोल येते: "केलेलं बरं असतं मॅडम, गाडी स्मूथ राहते." हा फरक ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही. मुलाने गृहपाठ खरेच केला आहे की "झालंय थोडंसं" म्हणतोय, हे आपण आवाजावरून ओळखतोच की!

गाडी सोडतानाच जॉबकार्डवर सही करण्याआधी आपल्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात. "लेखी मंजुरीशिवाय जादा काम करू नये" आणि "बदललेले जुने भाग परत द्यावेत." या दोन ओळींनी निम्मे काम होते. बॅटरी बदललीच तर जुनीची किंमत बिलातून वजा झाली का तेही पाहा. जुन्या बॅटरीला मोल असते.

रक्कम मोठी असेल तर दुसऱ्याचे मत जरूर घ्या, पण एक युक्ती सांगते. ओळखीच्या मेकॅनिककडे यादी घेऊन जाऊ नका, गाडी घेऊन जा. यादी दाखवली की तो "शोरूमवाले लुटतात हो वहिनी" यापासून सुरुवात करतो, कारण त्यालाही काम हवे असते. त्याऐवजी नुसते म्हणा, "दादा, गाडी बघा आणि काय लागेल ते सांगा." दोघांनी एकमेकांचे न ऐकता जे सांगितले ते काम खरे.

आता प्रश्न येतो तो हा, की काम करायचे कुठे? गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग कंपनीच्याच केंद्रात कराव्यात आणि प्रत्येक बिल जपून ठेवावे, म्हणजे पुढे वाद होत नाही. शिवाय "माझ्या गाडीवर काही रिकॉल आहे का?" असेही विचारावे. एखादा भाग सदोष निघाल्याने कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या असतील तर ती दुरुस्ती फुकट असते. मात्र "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली" या धाकाला फार भिऊ नये. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मेकॅनिकना मिळू न देणे, हा त्यातला मुख्य ठपका होता. केवळ बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झाले असेल तरच ती नाकारावी, असेही आयोगाने म्हटले. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे. म्हणून वॉरंटीच्या अटी तोंडी ऐकू नका, छापील वाचा. वॉरंटी संपल्यावर तेल, पॅड, टायर, बॅटरी ही कामे चांगल्या स्थानिक गॅरेजमध्ये खुशाल करावीत. संगणकावर तपासावा लागणारा बिघाड, एअरबॅग, गिअरबॉक्स अशी कामे मात्र कंपनीच्या केंद्रात केलेली बरी.

शेवटी बिल. किराण्याचे बिल आपण ओळीओळीने वाचतो, हे तर त्याच्या दसपट असते. तेल किती लिटर लावले ते पाहा. आपल्या इंजिनात किती मावते ते पुस्तिकेत असते. साडेतीन मावत असताना चार लावले असतील तर उरलेले अर्धा लिटर मागा. सुट्या भागाच्या पाकिटावरची किंमत सर्व करांसहित असते. बिलातली किंमत आणि कर मिळून ती ओलांडली जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. म्हणून जुनी बिले ताडून पाहायला विसरू नका. "कन्झ्युमेबल्स" नावाची एक मोघम ओळ असते, तिच्यात काय काय धरले आहे ते विचारा. आणि बिलाशिवाय "थोडं कमी करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बिल नाही तर तक्रारही करता येत नाही.

तक्रारीची वेळ आलीच तर आधी त्या केंद्राच्या व्यवस्थापकाला लेखी द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही पडत नाही. न मागितलेले काम करून त्याचे पैसे लावणे ही "चालायचंच" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

हे सगळे वाचून "एवढा कोण व्याप करणार?" असे वाटेल. पण पाहा, गॅस कधी लावला, मुलांच्या लशी कधी झाल्या, विम्याचा हप्ता कधी, हे सारे आपण सांभाळतोच. गाडी ही घरातली बहुधा घराखालोखाल महाग वस्तू. तिच्यासाठी एक चाळीस पानी वही पुरे. तारीख, किलोमीटर, केलेले काम, रक्कम, आणि "सध्या नको" म्हटलेली कामे असे पाच रकाने आखा. हा पाचवा रकाना महत्त्वाचा. आज नको म्हटलेले काम पुढच्या वेळी पुन्हा बघायचे असते, नाहीतर नकाराचा आळस होतो.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारचा चहा झाला की गाडीच्या कप्प्यातली ती पुस्तिका बाहेर काढा. तक्त्याचे पान उघडून त्यात खुणेला कागद घाला आणि टायरवरचे चार आकडे वहीत पहिल्या पानावर उतरवून घ्या. पुढच्या वेळी अकराचा तो फोन येईल तेव्हा गॅस बारीक करून निवांतपणे म्हणा, "हं, एकेक सांगा. मी लिहून घेते."